एसीचा गॅस संपत नसतो

‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ घरात एसी असलेल्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. एप्रिलचा उकाडा, आतल्या खोलीत म्हातारे वडील किंवा तान्हं बाळ, दारात मेकॅनिक. अशा वेळी कोणी घासाघीस करत बसत नाही. अडीच-तीन हजार रुपये मोजले जातात, खोली गार होते, विषय मिटतो. पुढच्या मार्चमध्ये खोली पुन्हा गार होईनाशी होते आणि तेच वाक्य पुन्हा कानावर येतं.

एसीचा गॅस संपत नसतो. गाडीतलं पेट्रोल जळून संपतं, इथं काहीच जळत नाही. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या बंद वर्तुळात तोच गॅस फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये उकळताना तो खोलीतली उष्णता शोषून घेतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती सोडून देतो. वर्तुळ बंद राहिलं तर दहा वर्षांनीही गॅस जवळपास तेवढाच असतो. तो कमी झाला असेल तर एकच अर्थ निघतो, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरून जाणाऱ्याने दुरुस्ती केलेलीच नसते. घरगुती एसीची सर्व्हिस आणि ती देणाऱ्या कंपन्या यांचा आढावा घेताना मला हीच कसोटी सगळ्यात उपयोगी वाटते. समोरचा माणूस आधी मोजतो आणि मग बोलतो, की आधी बोलतो आणि मग पैसे मोजून घेतो?

‘खोली गार होत नाही’ ही तक्रार एक, पण तिची कारणं डझनभर. सगळ्यात साधं कारण म्हणजे जाळीत बसलेली धूळ. सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी फिल्टर नळाखाली धरला तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत, आणि त्यासाठी कोणाला बोलवावं लागत नाही. त्यापुढे ब्लोअरच्या पात्यांवर चढलेला मळ, बाहेरच्या कॉइलवर साचलेला कचरा, बिघडलेला सेन्सर, मंदावलेला पंखा. घरातल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळत असेल तर बहुतेक वेळा ड्रेनच्या नळीत शेवाळ अडकलेलं असतं, किंवा नळीचा उतार चुकलेला असतो, किंवा तिचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. इनडोअर कॉइलवर बर्फ दिसला की लगेच गॅसकडे बोट दाखवलं जातं. बर्फ गॅस कमी असल्यानेही धरतो आणि फिल्टर तुंबून हवा कमी वाहू लागल्यानेही धरतो. नुसत्या डोळ्यांनी यातलं कारण ठरवता येत नाही.

कॅपॅसिटरचंच उदाहरण घ्या. इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये एक चंदेरी डबी असते, कॉम्प्रेसरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारी. उन्हात, पत्र्याच्या आत वर्षानुवर्षं तापून ती अशक्त होते. मग बाहेरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि थोड्या वेळाने ट्रिप होतो. आत हवा येते, पण गार येत नाही. चांगला मेकॅनिक डबीवर छापलेला आकडा वाचतो, समजा ४५ मायक्रोफॅरड, आणि मीटर लावतो. मीटरवर ३० आला की निदान झालं. काही शे रुपयांचा भाग आणि पाव तासाचं काम. हाच एसी न मोजणाऱ्याच्या हाती लागला तर ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगून हजारो रुपयांचा आकडा पुढे येऊ शकतो, आणि ग्राहकाला त्यातलं काही तपासता येत नाही.

एक मोजमाप मात्र आपल्यालाही जमतं. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग साधा डिजिटल थर्मामीटर आधी हवा आत ओढली जाते तिथं धरा आणि नंतर गार हवा बाहेर पडते तिथं. निरोगी एसीत दोन्हींमध्ये साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडतो. फरक एवढा असूनही खोली गार होत नसेल तर दोष बहुधा यंत्रात नाही. खोली मोठी आहे, खिडकीवर पश्चिमेचं ऊन आहे किंवा वर तापलेली गच्ची आहे.

विदर्भातल्या वाचकांनी इथं आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एसीवर लिहिलेली दीड टनाची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तोच एसी, काहीही बिघाड नसताना, कमी गारवा देतो आणि वीज जास्त खातो. दुपारी तीन वाजता ‘गार होत नाही’ म्हणून बोलावलेला घाईचा मेकॅनिक अशा वेळी गॅस वाढवून जातो. जास्तीच्या गॅसने दाब आणखी वाढतो आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो. कोकणपट्टीचं दुखणं वेगळं. खारी हवा बाहेरच्या युनिटचा पत्रा आणि कॉइलच्या पाकळ्या खाते. खाडी किंवा गटारनाल्याजवळच्या घरांत नाल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं पाडतो आणि कोरतो. अशा घरात दोन-तीन वर्षांत इनडोअर कॉइल गळू लागली तर तो मेकॅनिकचा दोष नसतो आणि गॅस भरून प्रश्न सुटतही नाही. कॉइल बदलावी लागते, आणि नवी घेताना तांब्यावर संरक्षक लेप आहे का हे विचारावं लागतं.

गळतीची दुरुस्ती नीट कशी होते हे एकदा जवळून बघण्यासारखं असतं. आधी उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतात. मग नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन भरतात, कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या दाबापर्यंत, आणि गेजचा काटा बघत थांबतात. काटा उतरू लागला की गळती पक्की. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. पहिला संशय फ्लेअर नटवर, म्हणजे इनडोअर आणि आउटडोअरला नळ्या जोडणाऱ्या पितळी चाक्यांवर, कारण इन्स्टॉलेशनच्या घाईत तिथंच हयगय होते. बुडबुडा दिसला की नळीचं तोंड कापून फ्लेअर नव्याने करायची, नाहीतर जोड ब्रेझिंगने बंद करायचा. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा वाट. काटा हलला नाही की व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल खेचून काढायची. अखेरीस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, एसीच्या पाटीवर लिहिलेला गॅस ग्रॅममध्ये मोजून सोडायचा. या सगळ्याला दोन-तीन तास सहज लागतात. वीस मिनिटांत गॅस भरून निघालेल्या माणसाने यातल्या बहुतेक पायऱ्या गाळलेल्या असतात.

व्हॅक्यूमची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. पंप जड असतो, तो घेऊन चार जिने चढायचे असतात. मग थोडा गॅस सोडून त्याच्याच जोरावर हवा ढकलून दिली जाते. त्या दिवशी खोली गार होते. आत राहिलेली ओल मात्र कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि पुढे कॉम्प्रेसर जळतो. तोवर आधीच्या माणसाचं नावही कोणाच्या लक्षात नसतं.

इन्व्हर्टर एसीत तर नुसत्या गेजवर गॅस भरणं मुळातच चुकीचं आहे. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, वेगाबरोबर दाब बदलतो, मग काट्याच्या आकड्याला अर्थ उरत नाही. वजन करूनच भरायला हवं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, ‘तुमच्या माणसाकडे व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असतो का?’ उत्तराला वेळ लागला तर दुसरा नंबर लावावा.

कोणता गॅस, हेही आता ग्राहकाने माहीत करून घेतलं पाहिजे. जुन्या एसीत आर-२२ असतो. ओझोनच्या थराला तो घातक असल्याने १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर टप्प्याटप्प्याने हद्दपार होतोय. भारतात २०२५पासून नवी यंत्रं बनवताना तो वापरता येत नाही. जुन्या यंत्रांच्या सर्व्हिसपुरता तो अजून काही वर्षं मिळेल, पण कमी आणि महाग होत जाईल. त्यानंतर आर-४१०ए आला आणि आज बहुतेक नव्या घरगुती एसीत आर-३२ असतो. हे दोन्ही ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात. आर-३२चा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ किलोंएवढा, आर-४१०एचा एक किलो जवळपास २,१०० किलोंएवढा. गळका एसी दर वर्षी भरून घेणारं घर आपल्याच शहराचा उन्हाळा वाढवत असतं.

आर-३२ मंद गतीने का होईना, पेट घेतो, आणि त्याचा दाब आर-२२पेक्षा बराच जास्त असतो. म्हणून आर-२२च्या जुन्या एसीत ‘हाच चालतो आता’ म्हणत आर-३२ भरणाऱ्याला थांबवावं. ते यंत्र त्या दाबासाठी आणि त्या तेलासाठी बनलेलंच नाही. याहून गंभीर धोका ऑक्सिजनचा. वेल्डिंगसाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून नायट्रोजनऐवजी तोच नळ्यांमध्ये भरून गळती तपासणं जीवघेणं ठरू शकतं, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. काळा ऑक्सिजन सिलिंडर एसीच्या नळीला जोडला जाताना दिसला तर काम तिथंच बंद करायला सांगावं, भीड बाळगू नये.

आता हे काम करतं कोण? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल एक समज पक्का आहे की येणारा माणूस कंपनीचा असतो. बऱ्याच वेळा तो फ्रँचायझीचा असतो. शर्टावर नाव कंपनीचं, पगार फ्रँचायझीकडून, आणि अनेक ठिकाणी तो पगार कॉलच्या संख्येवर आणि विकलेल्या भागांवर बेतलेला. तरीही वॉरंटी चालू असेल तर दुसरीकडे जाऊ नये. बाहेरच्याने युनिट उघडलं की कंपनीला वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. शिवाय इन्व्हर्टर एसीचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, मॉडेलनुसार वेगळा असतो आणि अस्सल पीसीबी अधिकृत वाटेनेच खात्रीने मिळतो. वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचावा. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षं’ या ठळक ओळीखाली बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की गॅस, मजुरी आणि वाहतूक ग्राहकाकडे. कॉम्प्रेसर फुकट मिळूनही काही हजार जातात, आणि ते आधी माहीत नसेल तर फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

ॲपवरून मिळणारी सर्व्हिस गेल्या दहा वर्षांत शहरांत रुळली. दरपत्रक आधी दिसतं, बिल मिळतं, केलेल्या कामावर महिनाभराची हमी असते, तक्रार करायला जागा असते. ठाणे-पुण्यासारख्या ठिकाणी वार्षिक धुलाईसाठी मी ॲपचाच पर्याय सुचवेन. खोलातल्या बिघाडासाठी सुचवणार नाही. तिथं माणूस दर वेळी नवा असतो, पुढचा कॉल पंचेचाळीस मिनिटांवर असतो, आणि गळती शोधायला लागणारे तीन तास त्या वेळापत्रकात बसत नाहीत.

उरला गल्लीतला दुकानदार. त्याच्याकडे चकचकीत ॲप नसतं, बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून देतो. पण तो तुमची इमारत ओळखतो, मागच्या वर्षी कोणता जोड केला हे त्याला आठवतं, आणि जो पीसीबी अधिकृत सेंटर सरळ बदलायला सांगतं तो त्याच्या ओळखीचा कारागीर एखादा रिले किंवा कॅपॅसिटर बदलून चालू करतो. पालीने शॉर्ट केलेले कितीतरी पीसीबी असे वाचतात. वॉरंटी संपलेल्या एसीसाठी चांगला स्थानिक मेकॅनिक मिळाला तर त्याच्यासारखा पर्याय नाही. तो शोधायचा तर रेटिंगपेक्षा इमारतीतल्या चार घरांना विचारावं, आणि ‘चांगला आहे का’ असं विचारण्यापेक्षा ‘त्याने कधी “काही बिघडलेलं नाही” म्हणून नुसते व्हिजिटचे पैसे घेतलेत का’ असं विचारावं. या एका प्रश्नाने खूप उलगडा होतो.

कारण या धंद्यातली खरी गोम तिथंच आहे. आपण निदानाला किंमत देत नाही. व्हिजिट फुकट हवी, तपासणी फुकट हवी, २९९ रुपयांत सर्व्हिस हवी. मग येणाऱ्या माणसाचा दिवस भरायचा कसा? गॅस भरून, भाग बदलून. कौशल्य निदानात आहे आणि कमाई गॅसमध्ये, अशी रचना ग्राहकांनी आणि कंपन्यांनी मिळून केली आहे. तपासणीचे पाचशे-सातशे रुपये आनंदाने द्यावेत आणि त्याबदली काय मोजलं, काय आढळलं, कोणता भाग का बदलायचा हे बिलावर लिहून मागावं. काढलेला जुना भाग स्वतःकडे ठेवून घ्यावा. गॅस भरला असेल तर किती ग्रॅम आणि गळती कुठे होती, या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय सही करू नये.

वार्षिक करार, म्हणजे एएमसी, दोन प्रकारचा असतो. एकात फक्त मजुरी आणि धुलाई, दुसऱ्यात भागही धरलेले. दुसरा महाग असतो आणि त्यातही गॅस, पीसीबी, कॉइल वगळलेली असू शकते. समुद्राकाठी राहणाऱ्याने कॉइल धरलेली आहे का हे बघूनच करार करावा. कोरड्या हवेत, नव्या एसीसाठी मला तो खर्च अनाठायी वाटतो.

अलीकडे आणखी एक धोका वाढलाय. इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्याचा निघतो. बुकिंगसाठी दहा रुपये पाठवा, एक ॲप डाउनलोड करा, असं सांगितलं की फोन ठेवून द्यावा. नंबर एसीबरोबर आलेल्या वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचाच घ्यावा. पैसे गेलेच तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवावं, पहिल्या तासाभरात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

खराब कामाबद्दल दाद मागणं लोकांना वाटतं तितकं अवघड राहिलेलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं न मिटल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. या सगळ्याला आधार एकाच कागदाचा, पक्क्या बिलाचा. ‘जीएसटी वाचवतो’ म्हणणाऱ्याला होकार दिला की हा आधार आपणच घालवतो.

कंपन्यांवर मात्र अजून पुरेसा दाब नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करणं किती सोपं यावर गुण देण्याचा विचारही पुढे आला. घरगुती एसीला याची निकडीची गरज आहे. सात-आठ वर्षांच्या एसीचा पीसीबी ‘आता येत नाही’ म्हणून अख्खं यंत्र भंगारात जातं. भाग किती वर्षं मिळेल आणि किती रुपयांना, हे विक्रीच्या वेळी स्टार रेटिंगच्या पाटीशेजारीच छापणं कंपन्यांना भाग पाडलं पाहिजे.

आणि जो माणूस प्रत्यक्ष काम करतो त्याचं काय? आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २०१९च्या भारत शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. तरी आजही पुष्कळ मुलं उस्तादाच्या हाताखाली, बघून बघून शिकतात. आठव्या मजल्याच्या छज्ज्यावर, एका हाताने ग्रिल धरून, पट्ट्याशिवाय आउटडोअर युनिट उघडणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिलाय. सर्व्हिस कंपनी निवडताना ‘तुमचा माणूस सेफ्टी बेल्ट घेऊन येतो का, त्याचा विमा आहे का’ हे दोन प्रश्न दरांच्या आधी विचारावेत. सोसायट्यांनी आउटडोअर युनिट कुठे बसवायचं याचा नियम करताना इमारत बाहेरून कशी दिसेल यापेक्षा तिथं माणसाला पाय टेकवता येतो का हे आधी पाहावं, आणि पुनर्विकासाच्या नकाशावर सही करण्यापूर्वी प्रत्येक बेडरूमबाहेर उभं राहून काम करता येईल एवढी कठडा असलेली जागा बिल्डरकडून लिहून घ्यावी.